नागपूर प्रांताचें रंगीत सूत व पोथ्यांचीं वेष्टनें

पोथी हातीं येण्यापूर्वीं हातीं येतें तें कापड. बहुधा तें तांबडें, जाडें, धुळीनें काळवंडलेलें असतें, व त्याच्या एका कोपऱ्यास दोरी शिवलेली असते. जुनीं दप्तरें धुंडाळणाऱ्या प्रत्येकानें हें कापड शेंकडों वेळां सोडलें आहे. पण आंत काय निघालें एवढेंच त्यानें लिहून ठेविलें. कागद पाहावा, शाई पाहावी, अक्षराचें वळण पाहावें, शक, संवत्सर व मिती यांचा मेळ घालावा, इतकें शास्त्र आपल्या संशोधनांत गेल्या शंभर वर्षांत चांगलें रुजलें. वेष्टनाकडे मात्र कोणाचें लक्ष गेलें नाहीं. 'रुमाल' हा शब्द पेशवे दप्तराच्या मोजदादींत परिमाण होऊन बसला, तो इतका कीं रुमाल म्हणजे मुळांत एक वस्त्र आहे याचाच विसर पडला.

प्रस्तुत लेखांत आम्ही नागपूर प्रांतापुरतें या वस्त्राकडे, त्यांतील सुताकडे व सुतास चढविलेल्या रंगाकडे पाहणार आहों. नागपूर प्रांतच कां घ्यावा, याचें कारण उघड आहे. वर्धेपासून वैनगंगेपर्यंतच्या या टापूंत कापूस पिकत असे, त्याचें सूत घरोघर निघे, सुतास रंगविण्याची मुळी याच काळ्या जमिनींत लावीत, व नागपूर, उमरेड, पवनी, चांदा या ठिकाणीं माग चालत. कापडाचा संपूर्ण जन्म एका मुलखांत झाला असें क्वचितच घडतें. पुढें एकोणिसाव्या शतकांत हे सर्व धंदे एकामागून एक मोडले, आणि ते कोणत्या क्रमानें व साधारण कोणत्या वर्षांत मोडले हें सांगतां येतें. म्हणून येथल्या कापडाच्या तुकड्यास काळाची खूण आहे, व ती वाचतां येते, असें आमचें म्हणणें आहे.

प्रथम सुताचा विचार करूं. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाल्यावर सर रिचर्ड टेंपल यांच्या कारकीर्दींत नागपुरास १८६५ सालीं एक मोठें प्रदर्शन भरलें. त्यांत हातानें कांतलेलें जें बारीक सूत मांडलें होतें, त्याच्या एका पौंडाची लांबी ११७ मैल भरेल असा हिशेब इंग्रज अधिकाऱ्यांनीं करून ठेविला आहे. हा आंकडा वाचून पुष्कळ लेखक 'अद्भुत' एवढें म्हणून पुढें जातात. आम्हांस तो गिरणीच्या भाषेंत मांडून पाहणें अधिक उपयोगाचें वाटतें. एका पौंडांत ८४० वारांच्या किती लडी बसतात त्यावरून सुताचा नंबर ठरतो. ११७ मैलांचे २,०५,९२० वार होतात. त्यांस ८४० नें भागिलें असतां सुमारें २४५ नंबर येतो. धोतरजोड्यांस १०० नंबरी सूत वापरलें तरी आज आपण त्यांस अतिशय तलम म्हणतों. ढाक्याच्या मलमलीचें सूत याहूनहि बारीक असे. जेम्स टेलर यानें १८४६ सालीं आपल्यासमक्ष मोजविलेली एक लड पौंडास २५० मैलांवर प्रमाण देणारी होती, म्हणजे ५२० नंबराच्याहि वर. परंतु ढाक्याच्या सुतास दिल्लीच्या बादशहाचा आश्रय व जगाची पेठ होती. नागपूर प्रांताच्या सुतास तसें कांहीं नसतां तें ढाक्याच्या जवळजवळ निम्म्यावर पोंचलें होतें.

हल्लीं परदेशांत व आपल्याकडेहि दोन सुयांवर जाळीदार शाली विणण्याची हौस वाढली आहे, व त्यासाठीं घरींच हातानें रंगविलेलें बारीक सूत वापरतात. त्यास 'लेस'चें सूत म्हणतात. स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड बेटांतील लोकरीच्या शाली तर अंगठींतून ओढून दाखवितात. हें लेसचें सूत साधारणपणें १०० ग्रॅमांस ८०० मीटर भरतें. वरच्या प्रदर्शनांतील सूत त्याच मापानें मोजलें तर १०० ग्रॅमांस ४१ किलोमीटरांवर जाईल, म्हणजे तेवढ्याच वजनांत पन्नास पटींहून अधिक लांबी. सुयांवरचें सूत दुपदरी पिळाचें असतें व मागावरचें एकेरी, हें ध्यानांत घेऊनहि अंतर फार मोठें राहतें. ही तुलना आम्हीं मौजेखातर केली नाहीं. सूत लडीच्या रूपांत रंगविणें आणि कापड रंगविणें या दोन निराळ्या विद्या आहेत, व सुयांवर विणणारी बाई आज आपल्या स्वयंपाकघरांत जी अडचण सोसते तीच नागपूरच्या रंगाऱ्यास सोसावी लागत असे. लडींतील धागे एकमेकांत गुंततात. लड घट्ट बांधली तर बांधाखालीं रंग शिरत नाहीं, सैल बांधली तर सुटते. आणि सूत जितकें बारीक तितका हा त्रास अधिक.

नागपूरच्या विणकरास रंगीत सूत लागे कशासाठीं, हें या पुढचें. येथलें नामांकित वस्त्र छापील नव्हे. पांढरें पोत व रंगीत कांठ, हीच त्याची ओळख. उमरेडचीं रेशीमकांठी धोतरें व उपरणीं, पवनीचें तलम कापड, नागपुरी लुगडीं, या सर्वांत रंग येतो तो आधीं रंगविलेल्या सुतामधून. माग सोडल्यावर कापडास रंगाचा स्पर्श होत नाहीं. विदर्भांत अजून विणलें जाणारें करवती कांठाचें टसर लुगडें याच पद्धतीचें आहे. त्यांत तीन धोटे चालवून कांठाचें व पोताचें आडवें सूत एकमेकांत अडकवितात, त्यामुळें जोडावर करवतीसारखे दांते उमटतात. अशा कापडांत रंग कच्चा निघाला तर पहिल्याच धुण्यांत कांठाची लाली पांढऱ्या पोतावर उतरते व लुगडें फुकट जातें. सबंध कापड एकरंगी असतें तर थोडा रंग उतरल्यानें फारसें बिघडत नाहीं. म्हणून नागपूरच्या कोष्ट्यास रंगाऱ्यापासून पक्केपणाची हमी हवी असे, व ही हमी देणारे रंग फार थोडे होते.

मराठेशाहीच्या जमाखर्चांत व वस्त्रांच्या याद्यांत कुसुंबी, किरमिजी, अबोली, अंजिरी, सोसनी, आसमानी अशीं किती तरी नांवें येतात. वाचकांनीं एक भेद लक्षांत ठेवावा. अबोली, अंजिरी, आसमानी हीं छटेचीं नांवें आहेत. तीं कशापासून काढलीं तें नांवावरून कळत नाहीं. कुसुंबी व किरमिजी हीं मात्र मुळांत द्रव्याचीं नांवें; पहिलें करडईच्या फुलाचें, दुसरें किरमिजाच्या किड्याचें. कुसुंबा दिसावयास मोहक, पण अत्यंत कच्चा. खाराच्या पाण्यानें तो निघून जातो व उन्हानें विटतो. लग्नाच्या पागोट्यास तो चालतो, पांढऱ्या पोताशेजारच्या कांठास चालत नाहीं. यावरून संग्राहकांस एक लहानशी सूचना करितां येते. दोनशें वर्षांचा म्हणून दाखविलेला 'कुसुंबी' रुमाल कालच रंगविल्यासारखा झळकत असेल तर विक्रेत्याच्या कथेवर विश्वास ठेवण्यापूर्वीं थोडें थांबावें.

निळा रंग निळीच्या रांजणांतून येई, व तो पक्का असे. त्याविषयीं येथें विस्तार करण्याचें प्रयोजन नाहीं, कारण निळारी सर्व दख्खनभर एकाच रीतीनें काम करीत. काळ्या रंगास हिरडा व हिराकस पुरे. हिराकसानें सूत कालांतरानें कुजतें, आणि म्हणून जुन्या लुगड्यांत काळा धागा तेवढा झडून गेलेला व शेजारचा तांबडा शाबूद असें दृश्य दिसतें. रेशमास लाख अथवा किरमिज चढवीत. सुती धाग्यास पक्का तांबडा रंग देणारें द्रव्य या प्रांतांत एकच होतें, तें म्हणजे आल. तिची रानटी बहीण बारतोंडी या नांवानें सर्वांच्या ओळखीची आहे.

आल हें पीक लावून तीन वर्षें वाट पाहावी लागे. रंग असतो तो मुळांच्या सालींत, तोहि बारीक मुळांत अधिक. बोटाहून जाड झालेलें मूळ हलक्या प्रतीचें ठरे. काळ्या जमिनींत खोल खणून हीं मुळें काढणें म्हणजे शेत उलथून टाकण्यासारखें काम. एवढें करून जें हातीं येतें तें सुतास सरळ लागतहि नाहीं. सूत आधीं तेलांत व खारांत भिजवावें, शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्यांच्या पाण्यांत मळावें, उन्हांत वाळवावें, पुन्हा भिजवावें, पुन्हा वाळवावें. असें कित्येक दिवस चाले. मग हिरड्याचा हात, मग तुरटी, आणि शेवटीं कुटलेल्या मुळ्यांसह पाण्यांत घालून मंद आंच हळूहळू वाढवीत न्यावयाची. आंच एकदम वाढली तर रंग मळकट येतो. मुळ्यांत रंगाबरोबर एक आंबट द्रव्य असतें. तें आधीं धुऊन काढलें नाहीं तर रंग बसत नाहीं. रसायनशास्त्रानें याचें कारण पुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सांगितलें, पण रंगाऱ्याचा हात तें त्यापूर्वींच जाणत होता. तुरटीवर हा रंग तांबडा येतो, लोखंडाच्या खारावर जांभळट काळा. एकदां बसला म्हणजे धुण्यानें हालत नाहीं.

येथें आम्हांस एक तर्क मांडावयाचा आहे. ११७ मैलांचें सूत वर वर्णिलेल्या कसोटींतून जाऊं शकेल काय? तेलाखारांत दहा वेळां मळून, पिळून, वाळवून २४५ नंबरी लड शाबूद बाहेर काढणें अशक्यच म्हटलें पाहिजे. तेव्हां नागपूर प्रांताचें अतिशय तलम कापड पांढरें कां, व त्याचा रंगीत कांठ बहुधा रेशमाचा कां, या प्रश्नाचें उत्तर केवळ अभिरुचींत शोधण्याचें कारण नाहीं. बारीक सुती धागा पक्क्या तांबड्या रंगास तोंड देऊं शकत नव्हता, व जो धागा तोंड देऊं शके तो जाड असे. रेशमास ही अडचण नाहीं. तें लाखेचा रंग फारसे हाल न सोसतां घेतें. म्हणून पांढरें तलम पोत व रेशमी कांठ हा एक जोड ठरला, आणि जाड सूत व आलेचा रंग हा दुसरा. या दुसऱ्या जोडाचें नांव खारवा.

खारवा म्हणजे जाडेंभरडें, घट्ट विणीचें, आलेनें तांबडें केलेलें सुती कापड. तंबूंचें अस्तर, रजया, पडदे, पिशव्या, वाण्यांच्या वह्यांचीं पुठ्ठ्यांवरचीं आवरणें, या सर्वांस तेंच लागे; आणि पोथ्या व दप्तरें बांधावयासहि तेंच. नागपूर भागांत जाडें कापड विणण्याचें काम मुख्यतः महार विणकरांकडे होतें, व सूत त्यांच्याच घरांतून निघे. कोष्ट्यांच्या रेशमी कांठाचें कौतुक सर्वांनीं केलें. खारव्याचें कोणी केलें नाहीं. परंतु कोष्ट्यांचीं लुगडीं नेसून फाटून गेलीं, आणि हा खारवा आज आपल्या दप्तरखान्यांत हजारों वारांनीं शिल्लक आहे. आलेच्या रंगाच्या कापडास वाळवी लागत नाहीं अशी जुनी समजूत आहे. तीमुळेंच पोथीस हें कापड नेमलें गेलें असें सांगतात. समजुतींत तथ्य किती हा भाग निराळा; ती प्रचलित होती व तिनें कापडाची निवड ठरविली, एवढें इतिहासास पुरेसें आहे.

आतां हे धंदे मोडले कसे तें पाहूं. सुताचा धंदा प्रथम गेला. विलायती गिरणीसूत नागपुरांत बैलांच्या पाठीवरून येऊं लागलें होतेंच. १८६७ सालीं मुंबईहून आगगाडी नागपुरास पोंचली तेव्हां त्याचा भाव आणखी उतरला. १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरांत सुरू झाली, व मग विलायतेचीहि गरज उरली नाहीं. आज ती गिरणीहि बंद पडली आहे, हें ओघांत सांगतों. विणकरानें गिरणीचें सूत घेतलें, माग चालू ठेविला; सूत कांतणाऱ्या बायकांना मात्र काम राहिलें नाहीं. या नेहमींच्या कथेंत एक धागा बहुधा सुटतो. बारीक सूत निघे तें हिंगणघाटी बणी या लांब तंतूच्या कापसापासून. याच कापसाच्या कीर्तीमुळें मध्यप्रांत व वऱ्हाडासाठीं रिव्हेट-कार्नाक याची स्वतंत्र कापूस-कमिशनर म्हणून नेमणूक झाली होती. तथापि शतक संपतां संपतां शेतकऱ्यांनीं बणी सोडून जरी हा आंखूड तंतूचा कापूस धरला, कारण जरींत सरकी काढल्यावर रुई अधिक उतरते व बाजारभाव वजनावर मिळतो. तेव्हां पुढें एखाद्या हौशी कातणाऱ्यानें मनावर घेतलें असतें तरी त्याच्या हातीं तो कापूसच येता ना.

रंगाचा धंदा थोडा मागून गेला, पण त्याचा शेवट अधिक झटपट झाला. ग्रेब व लीबरमान या दोन जर्मन रसायनज्ञांनीं १८६८ सालीं डांबरापासून अलिझरिन तयार केलें. १८६९ सालीं त्याचीं पेटंटें झालीं, व पुढच्या दोन दशकांत त्याचीं पिंपें हिंदुस्थानच्या बाजारांत रीघ लावून आलीं. मूळ युरोपांतील मंजिष्ठेच्या शेतीवर आघात करण्यासाठीं निघालेलें हें द्रव्य वऱ्हाड-नागपूरच्या आलेवरहि तितक्याच जोरानें येऊन पडलें. तीन वर्षें शेत अडवून ठेवणारें पीक एका पत्र्याच्या पिंपाशीं टक्कर देऊं शकत नव्हतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं आलेची लागवड जवळजवळ संपली होती. रंगाऱ्यानें अलिझरिन स्वीकारलें. त्यांत त्याची सोयच होती, कारण तेल, हिरडा व तुरटी हें सर्व त्यास ठाऊक होतें व नवें द्रव्य त्याच पायावर बसत होतें. निळीचें असेंच १८९७ नंतर झालें.

यावरून कापडाच्या तीन अवस्था निघतात. हातसूत व आल. गिरणीसूत व आल. गिरणीसूत व अलिझरिन. नागपूर प्रांतांत पहिल्या अवस्थेचा कापडाचा तुकडा बहुधा १८७० च्या अलीकडचा नसतो. दुसरी अवस्था थोडी वर्षेंच टिकली, आणि तीच ओळखणें सर्वांत अवघड. तिसऱ्या अवस्थेचें कापड १८७० च्या पूर्वींचें असूंच शकत नाहीं. या शेवटच्या विधानावर आम्ही विशेष भर देतों, कारण पहिल्या दोहोंत 'बहुधा' आहे व यांत तो नाहीं.

हातसूत ओळखण्यास भिंग पुरतें. धागा कोठें फुगीर कोठें बारीक, पीळ कोठें घट्ट कोठें सैल, असा अनियमितपणा हातसुतांत असतोच. पिळाच्या दिशेवरून मात्र कांहीं ठरवूं नये; दोन्ही सुतें बहुधा एकाच दिशेनें पिळलेलीं आढळतात. शिवाय जाड कापडांत हातसूत गिरण्या आल्यावरहि कांहीं काळ टिकून होतें, व पुढें चरख्याच्या चळवळीनें तें पुन्हा आलें. १९२५ सालीं अखिल भारत चरखा संघ निघाला, १९३४ सालीं वर्ध्यास ग्रामोद्योग संघ निघाला, आणि त्यानंतर खादीच्या बस्त्यांत बांधलेलीं दप्तरें याच प्रांतांत पुष्कळ झालीं. एखाद्या वारसानें १९४० च्या सुमारास आजोबांचे कागद नव्या खादींत बांधले असले तर केवळ हातसुतावरून आपण शंभर वर्षें मागें जाऊन फसूं. म्हणून रंगाची साक्ष काढल्यावांचून सुताची साक्ष घेऊं नये.

रंगाची साक्ष डोळ्यांनीं निघत नाहीं. आल व अलिझरिन यांच्या लाल छटा सरावलेल्या नजरेसहि चकवितात. आलेचा लाल किंचित् विटकरी असतो म्हणतात, पण शंभर वर्षांच्या धुळीखालीं सर्वच लाल विटकरी. रसायनशाळेंत मात्र थोड्या मिलिमीटर लांबीच्या धाग्यावरून निवाडा होतो. आलेंत मोरिंडोन नांवाचें रंगद्रव्य आहे. तें सापडलें कीं आल सिद्ध झाली. नुसतें अलिझरिन सापडलें तर मात्र लगेच 'डांबरी रंग, १८७० नंतरचा' असें लिहून मोकळें होऊं नये. तेलंगणाच्या बाजूस व पूर्व किनाऱ्यावर चाय या मुळीनें कापड रंगवीत, आणि चायमुळींतहि अलिझरिन निसर्गतःच असतें. चांद्याची सरहद्द तेलंगणास लागून आहे; तिकडचें कापड इकडे येण्यास डोंगर आडवा नव्हता. अशा वेळीं इतर सहचर द्रव्यें पाहून निर्णय करावा लागतो, व तो रसायनज्ञाचा अधिकार आहे. जांभळा किंवा गुलाबी झगझगीत धागा आढळला तर काम सोपें. तो १८५६ सालच्या पर्किनच्या शोधानंतरचा, कारण तोंपर्यंत तसा डांबरी रंगच जगांत नव्हता.

यावर एक आक्षेप सहज येईल, व तो योग्यच आहे. वेष्टनाचा काळ म्हणजे पोथीचा काळ नव्हे. जुनी पोथी नव्या कापडांत बांधतात. क्वचित् नवी पोथी जुन्या कापडांतहि. कापडावरून पोथीचा काळ ठरवा असें आम्ही कोठेंच म्हटलें नाहीं. कापडावरून ठरतो तो पोथीचा प्रवास. दहा पोथ्या एकाच मापाच्या, एकाच सुताच्या, एकाच दोरीच्या खारव्यांत असतील तर त्या केव्हां तरी एका घरांत एकत्र बांधल्या गेल्या, हें कागदावर कोठेंहि न लिहिलेलें वृत्त आपल्यास मिळतें. १८५३ च्या डिसेंबरांत तिसरे रघूजी वारले, १८५४ सालीं राज्य खालसा झालें, व भोंसल्यांच्या आश्रयावर जगणाऱ्या घराण्यांचीं दप्तरें पुढच्या दोन पिढ्यांत वांटणीनें, विक्रीनें, उपेक्षेनें फुटलीं. मूळचें एक दप्तर आज चार गांवीं चार नांवांनीं सांपडतें. कागदांवरून त्यांचा संबंध जोडणें कधीं जमतें, कधीं नाहीं. दोन तुकडे एकाच ठाणाचे आहेत हें मात्र विणीवरून, दर इंचास पडणाऱ्या धाग्यांवरून व किनारीवरून कोणाहि अनुभवी विणकरास सांगतां येतें. यादव माधव काळे यांनीं १९३४ सालीं 'नागपूर प्रांताचा इतिहास' प्रसिद्ध केला. त्यानंतर या प्रांताच्या साधनांत जी भर पडेल ती बरीचशी अशा फुटलेल्या दप्तरांच्या जुळणींतूनच पडेल, असें आम्हांस वाटतें.

आणि नेमक्या याच वेळीं हीं वेष्टनें नष्ट होत आहेत. एका ग्रंथसंग्रहांत सूचीचें काम चालू असतां जुन्या बस्त्यांचा ढीग अंगणांत घालून त्यास काडी लावलेली आम्हीं पाहिली. हेतु चांगला होता. कीड जावी, पोथ्या स्वच्छ कापडांत राहाव्या. अन्यत्र हेच तुकडे टेबलें पुसण्यास वापरतात. दोष देण्याचा आमचा उद्देश नाहीं. जें सूचींत लिहावयाचें नसतें तें टाकून देण्याचेंच असतें, हा सूचीकाराचा सर्वत्र आढळणारा स्वभाव आहे.

रंगाऱ्यांच्या घरांतून ही विद्या केव्हांच गेली, पण ती समजावून देणारे लोक अजून या प्रांतांत आहेत. वर्ध्याचें मगन संग्रहालय १९३८ सालीं उघडलें; तेथें आज पुन्हा वनस्पतींच्या रंगांनीं खादी रंगविली जाते. तेथील कामगारास तुकडा दाखविला असतां तो रसायनशाळेचा निवाडा देणार नाहीं, परंतु खार कसा बसला, तेल पुरेसें चढलें होतें कीं नाहीं, सूत रंगवून विणलें कीं विणून रंगविलें, इतकें तो बोटांनीं सांगूं शकेल. शेवटची गोष्ट तर घरींहि पाहतां येते. दोन धाग्यांची गांठ जेथें एकमेकांवर पडते तेथें सूत किंचित् सरकवून पाहावें. खालीं रंग फिका असेल तर कापड विणल्यावर रंगविलेलें; सर्वत्र सारखा असेल तर सूत आधींच रंगलेलें. नागपुरास १८६३ सालीं स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयांत, ज्यास लोक अजून अजबबंगला म्हणतात, जुन्या वस्तू पाहतांनाहि हीच दृष्टि ठेवावी.

ज्यांच्या घरीं पोथ्या आहेत त्यांनीं इतकें करावें. पोथीस नवें स्वच्छ वस्त्र खुशाल घालावें. तें पांढरें, न रंगविलेलें, धुऊन खळ काढलेलें असावें, कारण नवा कच्चा रंग दमट दिवसांत कागदावर उतरतो. जुनें वेष्टन झटकावें, परंतु धुऊं नये. धुण्यानें कुसुंबा असेल तर तो जातो, व कोपऱ्यावर शाईनें लिहिलेलें नांव अगर आंकडा असेल तर तोहि जातो. असे आंकडे पुष्कळ वेष्टनांवर असतात व ते जुन्या दप्तरदाराचे क्रमांक होत. मग घडी न घालतां तें कागदाच्या नळीवर गुंडाळावें, पोथीचाच क्रमांक त्यास द्यावा, आणि सूचींत पोथीच्या नोंदीखालीं एक ओळ लिहावी: लांबी, रुंदी, इंचास उभे धागे किती, आडवे किती, रंग कोणता, किनार आहे काय, दोरी किती पदरी, कोपऱ्यावर कांहीं लिहिलें आहे काय. दोरी कापूं नये, सोडावी.